वर जाणारा वेग

एकाच घराची तक्रार तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आली की आमचे साहेब ती माझ्या गळ्यात मारतात. मी काही फार हुशार आहे अशातला भाग नाही. मी एका घरात दोन तास जास्त घालवते आणि तोंडाने फटकळ आहे, त्यामुळे ग्राहक चौथ्यांदा फोन करायला कचरतो, असा त्यांचा अनुभव आहे. बावीस वर्षं मी आधी टेलिफोनच्या तारा आणि आता त्याच तारांतून जाणारं इंटरनेट दुरुस्त करते आहे. अजूनही दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे बघतो, खरा मेकॅनिक मागून येतोय का म्हणून. मी त्याला मनसोक्त बघू देते.

या धंद्यात माझा एकच नियम आहे. घरात शिरायचं, घरच्यांत शिरायचं नाही. वायफाय स्लो आहे म्हणून बोलावतात आणि मग नवरा बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे, मुलगा छताकडे. कोण किती वेळ काय बघतं ते मला सगळं दिसतं. मी मूग गिळून तार तपासते.

त्या मंगळवारचा कागद साधा होता. ‘वायफाय फार स्लो. मागच्या खोलीत काम होत नाही.’ खाली माझ्या दोन सहकाऱ्यांचे शेरे होते. पहिल्याने लिहिलं होतं, खांबावरचा सांधा खराब, बदलला, वेग पूर्ववत. दुसऱ्याने महिनाभराने तेच लिहिलं होतं, शब्दसुद्धा तेच. त्या दोघांना मी चांगली ओळखते. एक उंचीला घाबरतो आणि दुसरा कामाला. मग खांबावर चढलं कोण, हा प्रश्न मला ऑफिसातून निघतानाच पडला होता.

दार सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन्सिल, चप्पल घरातही नीट जोडीने ठेवलेली. त्यांनी माझ्या मागे बघितलं नाही, माझ्या हातातल्या मीटरकडे बघितलं. मला माणूस आवडला.

“या बाई. मी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर ऑपरेटर होतो, एकतीस वर्षं,” ते म्हणाले. “गल्लीत पंपकाका म्हणतात. मशीन कुठलंही असो, मला जरा कळतं.”

असं म्हणणारी माणसं मला रोज भेटतात आणि त्यांना सहसा काही कळत नाही. पण राउटर बघितल्यावर मी गप्प बसले. तो बोळकांडीतल्या एका स्टुलावर होता. खाली हवा खेळावी म्हणून चार कोपऱ्यांना चार लाकडी ठोकळे. अंगावर धुळीचा कण नाही. मी गेली बावीस वर्षं कपाटात कोंबलेली, टीव्हीमागे गुदमरलेली, फुलदाणीखाली दबलेली यंत्रं बघते आहे. इतकं लाडावलेलं यंत्र पहिल्यांदाच बघत होते. काकांनी बोटांच्या मागच्या बाजूने त्याला हात लावला आणि मान हलवली.

मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत त्यांची सून कानाला हेडफोन लावून टाइप करत होती. बोटं इतकी भराभर चालत होती की मला माझ्या बोटांची लाज वाटली. तिने मान न वळवता पंजा वर केला, थांबा म्हणून. दहा मिनिटांनी ती बाहेर आली.

“ताई, माझ्याकडे पाच मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “मी सांगते, तुम्ही ऐका.”

तिचं काम मी पहिल्यांदाच ऐकत होते. कॉलेजात ऐकू न येणारे विद्यार्थी असतात. वर्गात शिक्षक बोलतात, ही इथे बसून ऐकते आणि जसंच्या तसं टाइप करते, आणि ती अक्षरं तिकडे विद्यार्थ्याच्या समोरच्या पडद्यावर उमटतात. तिचं टायपिंग, तिचा आवाज, तिचा चेहरा, सगळं इथून तिकडे जायला हवं. म्हणजे नुसतं येणाऱ्या वेगाने भागत नाही, वर जाणारा वेग लागतो. आणि तोच इथे मेला होता.

“मागच्या आठवड्यात परीक्षेची वेळ बदलली. सर बोलले, मी टाइप केलं, आणि ते वाक्य पोचलंच नाही. ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी परीक्षा संपताना पोचली.” तिने गळ्यातले हेडफोन काढले. “माझ्यामुळे. आता ऑफिस म्हणतंय, शुक्रवारी अकरा वाजता आम्ही तुमची लाइन तपासणार. वर जाणारा वेग पाचच्या खाली असला तर सोमवारपासून शहरातल्या ऑफिसात येऊन बसायचं.”

“मग?” मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

“मग काय. नवरा तिथेच नोकरी करतो, रविवारी येतो. मी आणि मुलगी इथे बाबांसोबत आहोत कारण माझं काम घरून होतं. ते थांबलं तर आम्ही दोघी तिकडे जाणार. त्याची एक खोली आहे, त्यात आम्ही तिघं. बाबा काही येणार नाहीत आणि आले तरी झोपणार कुठे?”

हे सगळं काकांच्या समोरच चाललं होतं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि राउटरच्या दिव्यांकडे बघत होते.

“होईल हो नीट,” ते म्हणाले. “मशीन दमतं कधीकधी.”

सून परत खोलीत गेली. मी कामाला लागले.

वायफायची तक्रार आली की आधी हवेतला दोष बघायचा. मी मागच्या खोलीत मोजलं, बोळकांडीत मोजलं, राउटरच्या नाकासमोर मोजलं. आजूबाजूच्या अकरा घरांचे वायफाय तिथे एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, म्हणून मी याला जरा मोकळा मार्ग निवडून दिला. फरक शून्य. मग वायफायला बाजूला ठेवून माझा लॅपटॉप सरळ राउटरला तारेने जोडला. येणारा वेग आठ, वर जाणारा एकाच्याही खाली. आता एवढं तरी नक्की झालं की दोष हवेत नाही. म्हणजे तीन महिने घरातल्या लोकांनी राउटर इकडचा तिकडे हलवला, दारं उघडी ठेवली, जाड कपाट सरकवलं, ते सगळं आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मग घरातली तार सोडवली आणि स्वयंपाकघरात, जिथे बाहेरची तार घरात येते, तिथे मीटर लावला. तेच. मग शिडी काढली आणि खांबावर चढले. काका खाली उभे राहून शिडी धरून होते. मी नको म्हटलं तरी सोडली नाही. वरची डबी उघडली तर सांधा कोरडा, घट्ट, तांबं अजून चकचकीत. झाकणावर इतक्या वर्षांची धूळ होती की त्यावर नाव लिहिता आलं असतं. दोनदा बदललेला सांधा म्हणे. माझं डोकं तापलं. खाली उतरेपर्यंत मी त्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, अर्थात मनात.

ओट्यावर बसून मी एक्स्चेंजच्या टेबलावर फोन लावला. तिथल्या माणसाला मी नऊ वर्षं फक्त आवाजाने ओळखते. आम्ही सगळे त्याला टेबलवाला म्हणतो.

“ही लाइन?” तो म्हणाला. “ही तर यंत्राने दाबून ठेवलीय. अस्थिर म्हणून शिक्का आहे.”

हे जरा सांगायला हवं. एक्स्चेंजमध्ये एक यंत्र प्रत्येक लाइनवर नजर ठेवून असतं. एखादी लाइन दिवसातून वारंवार तुटायला लागली की ते समजतं, ही कमकुवत आहे, हिला जोर सोसत नाही. मग ते तिचा वेग कमी करतं, निदान तुटू तरी नये म्हणून. तरीही तुटत राहिली की आणखी कमी करतं. माझ्या सहकाऱ्यांनी ‘सांधा बदलला’ असा कोड टाकला की टेबलवाला ते बंधन हाताने उठवायचा आणि वेग संध्याकाळपर्यंत परत यायचा. ग्राहक खूश, मेकॅनिक घरी. लाइन मात्र तुटत राहायची आणि आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या.

“किती वेळा तुटते?” मी विचारलं.

“आधी दिवसातून दोनदा. आता पाचदा. आणि तुटली की लगेच जोडली जात नाही, वीस मिनिटं, अर्धा तास बंद. कालचं सांगू? पहाटे पाच चाळीस. सकाळी साडेसात. एक वाजून पाच. पाच पंचवीस. रात्री नऊ.”

“परवाचं?”

“पाच बेचाळीस. साडेसात. एक सहा. पाच वीस. नऊ.” तो स्वतःच थांबला. “बाई, हे काय टाइमटेबल आहे का?”

तारेला पाणी लागलं तर ती पाऊस बघते, घड्याळ बघत नाही. गंज चढला तर वाऱ्याने हलते. एक वाजून पाच मिनिटांनी रोज जेवायला जाणारा दोष मी आयुष्यात बघितला नव्हता. सुनेच्या तोंडून तर लाइन तुटते असा शब्दही आला नव्हता. ती फक्त स्लो म्हणत होती. मी माझ्या घड्याळात बघितलं. एकला तीन मिनिटं कमी होती.

मी फोन चालूच ठेवून आत गेले आणि बोळकांडीत तार गुंडाळत बसले. एक वाजता मागच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. सून बाहेर आली, माझ्याकडे बघून हसली आणि स्वयंपाकघरात गेली. ताट-वाटीचा आवाज आला. मग काका आले. त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, राउटरला बोटांच्या मागच्या बाजूने हात लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीवरचं बटण बंद केलं. चारही दिवे गेले. मग त्यांनी स्टुलाखालून एक लांबट वही काढली, खिशातली पेन्सिल काढली आणि लिहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी खांबावर चढून आले होते आणि दोष माझी शिडी धरून उभा होता.

“काका,” मी हळूच म्हटलं, “हे काय केलंत?”

“विश्रांती,” ते म्हणाले. चोरी पकडल्यासारखा चेहरा अजिबात नव्हता. “आमच्याकडे दोन पंप होते. एक चार तास चालवायचा, मग त्याला थंड होऊ द्यायचं आणि दुसरा सुरू करायचा. एकतीस वर्षांत माझ्या पाळीला एक बेअरिंग जळलं नाही. इथे दुसरं मशीन नाही, म्हणून सूनबाई कामात नसली की याला थांबवतो. ती उठायच्या आधी, तिची अंघोळ, तिचं जेवण, संध्याकाळी पोरीला शाळेतून आणायला जाते तेव्हा, रात्री पोरीला झोपवते तेव्हा. तिचं एक मिनिट कधी मोडलं नाही.”

“कधीपासून?”

“तिने घरी काम सुरू केलं तेव्हापासून. आधी दोनदाच देत होतो. मग ती म्हणायला लागली, हल्ली फार स्लो झालंय. मी म्हटलं, दमलं बिचारं. म्हणून वाढवली. आता पाचदा देतो.”

त्यांनी वही माझ्यासमोर धरली. रेघा आखून रकाने पाडलेले. बंद केल्याची वेळ, चालू केल्याची वेळ, हाताला किती गरम, आणि शेवटी शेरा. ‘सूनबाई जेवायला.’ ‘सूनबाई शाळेत.’ ‘आज वेग कमी म्हणत होती, विश्रांती वाढवली.’ टेबलवाल्याने वाचून दाखवलेली प्रत्येक वेळ त्या वहीत होती, मिनिटाचाही फरक नाही. तीन महिने दोन जण तो दोष शोधत होते आणि इथे तो पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेला होता. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

मी त्यांना समजावलं. हे यंत्र पंपासारखं नाही, वर्षानुवर्षं चालू राहायलाच बनवलंय, कोमट लागणं हीच त्याची तब्येत. आणि प्रत्येक वेळी बंद केलं की तिकडच्या यंत्राला वाटतं, लाइन तुटली. त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. मशीनचा माणूस. मी वाक्य पुरं करायच्या आत त्यांनी बटण चालू केलं आणि हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले.

मला त्यांची दया आली. मी ती दाखवली नाही, कारण दाखवली असती तर ते अजून खचले असते. मी फोन कानाला लावला. टेबलवाल्याने सगळं ऐकलं होतं.

“बाई, जुनाच कोड टाकू का?” तो म्हणाला. “सांधा बदलला. मी इथून बंधन उठवतो, संध्याकाळपर्यंत वेग जागेवर. काका हात लावणार नाहीत ना आता? मग संपलं.”

“आणि खरा टाकला तर?”

“ग्राहकाकडून वीज बंद. मग मला हात लावता येत नाही. लाइन सलग दहा दिवस न तुटता राहिली की यंत्र आपोआप वेग वाढवेल. त्याआधी नाही.”

शुक्रवार तीन दिवसांवर होता.

मी फोनवर हात ठेवला आणि काकांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधीच्या दोन खोट्या शेऱ्यांसकट. खोटं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत. खरं लिहिलं तर दहा दिवस.

खरं सांगते, मला त्या दोघांचा शेरा तिसऱ्यांदा लिहायचा नव्हता. सकाळपासून मी त्यांना शिव्या घालत होते. तेच शब्द माझ्या नावाखाली गेले असते तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? आणि ऑफिसं दहा दिवस सांभाळून घेतात, असंही मी स्वतःला सांगितलं. तिने खरं कारण सांगितलं तर कोण नाही म्हणेल?

काका वहीकडे बघत होते. “दोनदा खोटं लिहिलं म्हणून तीन महिने कुणाला कळलं नाही,” ते म्हणाले. “लॉगबुकात खोटं लिहायचं नसतं, बाई.”

त्यांना पुढे काहीतरी म्हणायचं होतं. तोंड अजून उघडं होतं. पण मला हवं ते मी ऐकलं होतं. मी फोनवरचा हात काढला आणि टेबलवाल्याला खरा कोड सांगितला.

“बघा बुवा,” तो म्हणाला, आणि त्याने टाकला.

काका वही घेऊन स्वतःच स्वयंपाकघरात गेले. मी जायला नको होतं, पण माझी पक्कड तिथल्या कट्ट्यावर राहिली होती. सून जेवता जेवता वही वाचत होती. तिने एक पान वाचलं, मग मागची दोन वाचली. मला वाटलं ती ओरडेल. आधी ती हसली, आणि मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला.

“बाबा, मला एकदा सांगायचं तरी!”

“तू कामात असायचीस, पोरी.”

“तीन महिने मी ऑफिसची बोलणी खातेय. त्या मुलीची परीक्षा गेली, बाबा. मी रात्ररात्र विचार करत होते की माझंच काहीतरी चुकतंय.” तिने ताट सरकवलं. “आणि तुम्ही माझी अंघोळ लिहून ठेवलीत!”

काकांनी वही उचलून मिटली. तिने तिथेच ऑफिसला फोन लावला. सगळं खरं सांगितलं, दहा दिवस मागितले. पलीकडचा माणूस हसल्याचं मला कट्ट्यापाशी ऐकू आलं. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. त्या विद्यार्थिनीच्या घरचे तक्रार घेऊन बसलेत, माझ्या हातात काही नाही. शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

“ताई, तुम्हाला दुसरं काही लिहिता आलं नसतं का? शुक्रवारपुरतं?”

“नाही,” मी म्हणाले.

दिवसभरात मी खोटं बोलले ते एवढंच. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. मी पक्कड घेतली, शिडी घेतली आणि निघाले. कागदावर लिहिलं, कारण सापडले, ग्राहकास समज दिली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी माझी पाठ थोपटली आणि त्या दोघांना माझ्यासमोर झापलं. मला त्यात फारशी मजा आली नाही. शुक्रवारी अकरा वाजता मी दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात काम करत होते. हातातलं काम थांबवून मी घड्याळ बघितलं, एवढंच.

बाराव्या दिवशी त्या पत्त्याचा कागद पुन्हा माझ्या हातात आला. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तक्रार नाही. वेग मोजून हवा.’ अशा कामाला आम्ही जात नाही. मी गेले.

काकांनी दार उघडलं आणि मला सरळ मागच्या खोलीत नेलं. टेबल नव्हतं. जिथे होतं तिथे फरशीवर चार पायांचे चार ठसे होते. खिडकीच्या कडेला एका लहान मुलीचा रंगीत खडू पडला होता. काकांनीच सांगितलं. शुक्रवारी वेग एकाच्या खालीच भरला. रविवारी मुलगा आला, गाडी आणली आणि दोघींना घेऊन गेला. नातीचं नाव इथल्या शाळेतून काढलं. जाताना सूनबाईने तीन वेळा विचारलं, बाबा येता का. तिसऱ्यांदा रडली.

मी लॅपटॉप उघडला. वायफायवरच मोजलं, त्या रिकाम्या खोलीत, दोन भिंतींपलीकडून. येणारा वेग साठ. वर जाणारा साडेअकरा. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. त्या गल्लीत एवढी निरोगी लाइन दुसरी नसेल.

“चांगला आहे?” काकांनी विचारलं.

“उत्तम आहे.”

“तिला कळवता येईल?”

त्यांच्या फोनवरून मी आकड्यांचा फोटो सुनेला पाठवला. आम्ही दोघं उभ्यानेच फोनकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘छान बाबा. वर्ग चालू आहे, संध्याकाळी बोलते.’ काकांनी ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

“ऑफिसने वर्षाचा करार करून घेतलाय तिच्याकडून,” ते म्हणाले. “वर्षाने परत घरून करता येईल म्हणे, लाइन चांगली असली तर. वर्षभर हे न थांबवता चालू ठेवलं तर चालेल ना त्याला?”

“चालेल.”

“वापरायला कुणी नसलं तरी?”

“तरी चालेल, काका.”

मी लॅपटॉप बंद केला, पिशवी भरली. ते मला दारापर्यंत सोडायला आले. कडी काढून थांबले.

“त्या दिवशी तुम्ही फोनवरचा हात फार लवकर काढलात, बाई,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “लॉगबुकात खोटं लिहायचं नसतं म्हणालो मी. पुढे म्हणणार होतो, पण या वेळी लिहा.”

“मला दिसलं होतं, काका,” मी म्हणाले. “तुम्ही बोलणार होतात ते मला दिसलं होतं.”